मठार आहे, पण धार नीट पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईत भांड्यांच्या दुकानांतून आहेरासाठी चौकोनी किटल्या आणि बिनकाठाची 'डिझायनर' पातेली हातोहात खपतात. दिसायला देखणी असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ती घडवणाऱ्याने घरात कधी दूध तापवले असेल असे वाटत नाही. पातेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो तो सांडशी त्याखाली अडकावी आणि ओतताना धार सुटी पडावी म्हणून. काठच नसला की उतू चाललेले पातेले उतरवताना सांडशी सटकते आणि दूध पेल्यात पडायचे सोडून पातेल्याच्या अंगावरून ओट्यावर ओघळते. मग पुसत बसा!

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये उभी राहिली ती त्यातूनच. देशभर हिंडून त्यांना सर्वांत जास्त भावला तो आपला साधा तांब्या. तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना आणि ओतताना तोल कसा राहतो, आत हात घालून घासता येतो का, मोडीत किती किंमत येते, उन्हात कसा चमकतो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी मांडले. चमक त्या यादीत होतीच, पण बाकीच्या प्रश्नांच्या पंगतीत. तांब्या कुणा एकाने 'डिझाइन' केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी तो घडवला, हेही त्यांनी नोंदवले.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हे आजही पाहायला मिळते. तांब्याच्या पत्र्यावर ओळीने ठोके पडतात, त्याला मठार म्हणतात. ठोक्यांनी नरम तांबे कडक होते, भांडे सहजी चेपत नाही. त्यावर उजेड खेळतो तो वरचा फायदा. हल्ली स्टीलच्या जगवरही मठार दिसतो, पण साच्यात दाबून उठवलेला, निव्वळ शोभेचा. त्याच जगचा कान इतका अरुंद की चार बोटे आत जात नाहीत.

सगळे नवे वाईट, असे मुळीच नाही. चौकोनी डबे फळीवर एकाला एक चिकटून बसतात, फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात ही मोठीच सोय. कोपऱ्यात पीठ अडकते ते अडकते.

विक्रेत्यांना विनंती एवढीच, की दुकानात पाण्याची एक बादली ठेवा आणि गिऱ्हाइकाला जग भरून, उचलून, ओतून पाहू द्या. शर्ट आपण अंगाला लावून घेतो, मग अडीच हजारांचा जग नुसता काचेआडून का घ्यायचा? पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी डिझाइन शिकणाऱ्या मुलांनीही नवा नमुना आधी भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातात द्यावा. दांड्याच्या कोणत्या खाचेत राख आणि खरकटे अडकते, हे त्या पहिल्याच दिवशी सांगतील.

आपली,
एक वाचक, पुणे