प्रेम ठीक आहे, शाळा कच्ची आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निवासी शाळेतल्या लपूनछपून प्रेमावरच्या कुमार कादंबऱ्या एका छापाच्या वाटतात, अशी तक्रार आपल्या पुरवणीतल्या लेखात होती. तक्रार रास्त आहे, पण लेखिकेनं त्याचं खापर प्रेमकथेवर फोडलं ते पटलं नाही. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या हस्तलिखितांत प्रेम बहुधा बरंच जमलेलं असतं. शाळा मात्र गच्ची, चांदणं आणि एक खाष्ट वॉर्डन एवढ्यावर उरकलेली असते.

निवासी शाळेवरच्या कादंबरीला वळण लावणारं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' हे इंग्रजी पुस्तक १८५७ चं. त्यात प्रेमकथा नाही. पण लेखक थॉमस ह्यूज स्वतः इंग्लंडमधल्या 'रग्बी' या निवासी शाळेत शिकलेले, त्यामुळे धाकट्या मुलांना थोरल्यांची कोणती कामं करावी लागतात आणि नकार दिला तर काय होतं, हे त्यात नीट कळतं. आजच्या हस्तलिखितांत नेमकं हेच सापडत नाही.

लिहायला बसण्याआधी शाळेचं वेळापत्रक आणि आवाराचा नकाशा कागदावर काढावा. समजा, साडेपाचला उठणं, आठ ते दोन वर्ग, साडेचार ते साडेपाच खेळ, साडेसहाला अभ्यासिका, आठला जेवण, साडेनऊला दिवे बंद. प्रत्येक टप्प्याला हजेरी. खेळ संपल्यापासून अंघोळ करून अभ्यासिकेत बसेपर्यंत दोघांच्या हाती फार तर २० मिनिटं लागतात. आठवड्याचे सहा दिवस आणि सत्राचे १३ आठवडे धरले तर २६ तास झाले. त्यातून पाऊस, ताप, चाचणी परीक्षा वजा करा. अख्खं प्रेम उरलेल्या वेळात बसवायचं आहे. हा हिशेब केला की मैदानाकडून पाण्याच्या टाकीमागून जाणाऱ्या वाटेलाही किंमत येते आणि प्रशिक्षकांनी खेळ दहा मिनिटं लांबवला तरी वाचकाचा जीव टांगणीला लागतो. वेगळा खलनायक आणावा लागत नाही.

हा हिशेब टाळणारे लेखक सरळ रात्रीच्या भेटी घालतात. दहा खाटांच्या खोलीत कुणी ना कुणी जागं असतंच: कुणाला खोकला, कुणाला घरची आठवण, कुणी पांघरुणात टॉर्च लावून वाचतंय. दाराची कडी वाजते, फेरीची वेळ ठरलेली नसते (अनुभवी वॉर्डन ती मुद्दाम बदलत असतात). रात्रीची भेट कादंबरीत एकदाच यावी, आणि तिची किंमत वसूल व्हावी.

गुपित फुटण्याची जागा तर हमखास चुकते. दहापैकी आठ हस्तलिखितांत चिठ्ठी सापडते किंवा स्नेहसंमेलनात रंगमंचावर सगळं उघड होतं. शाळेकडे याहून साधी यंत्रणा आहे. कपड्यांवर प्रत्येकाचा क्रमांक असतो. मैदानावर तिचा गुडघा फुटला म्हणून त्यानं दिलेला रुमाल तिच्या धुण्याच्या पिशवीतून जातो. शनिवारी गठ्ठे लावताना मेट्रन १४३ क्रमांकाचा रुमाल मुलींच्या ढिगातून उचलते, यादीवर बोट फिरवते आणि काही न बोलता तो वेगळा ठेवते. इथून पुढची ४० पानं लेखकाला फुकट मिळाली. मात्र हे कादंबरीच्या निम्म्यावर घडावं. शेवटच्या प्रकरणात घडलं तर परिणाम दाखवायला जागाच उरत नाही: पालकांना बोलावणं, खोली बदलणं, आणि बहुतेक वेळा मुलीला मुलापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागणं.

गुपित का ठेवायचं, याचं उत्तर 'नियम आहे' एवढंच असेल तर ते पुरत नाही. एकाची शिष्यवृत्ती पणाला लागलेली असावी आणि दुसऱ्याला फक्त बोलणी बसणार असावीत. ही तफावत भांडणं पुरवते. तशीच खोलीतली मैत्रीण. हजेरीला 'ती बाथरूममध्ये आहे' असं तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कसा लागतो, हे कुणी लिहीत नाही. दोघांच्या गुपिताचा भार तिसरीच वाहत असते.

मोबाइलचं काय करायचं हे पहिल्या वीस पानांत ठरवून टाकावं. जमा असतो, रविवारी अर्धा तास मिळतो, तोही वॉर्डनसमोर, असं काहीतरी. नंतर सोयीनुसार फोन हरवणं ही पळवाट झाली.

सुट्टी तर सगळेच एका वाक्यात उडवतात. वास्तविक घरी गेल्यावर वेळच वेळ असतो आणि भेट मात्र नसते. २० मिनिटांवर पोसलेलं प्रेम सहा आठवड्यांच्या मोकळ्या वेळात टिकतं का, ही खरी कसोटी तिथेच लागते.

वॉर्डनबद्दलही थोडं. रात्री साठ मुलांची जबाबदारी एकटीवर असलेल्या बाईंना एक मूल जागेवर नसल्याचं कळतं, तेव्हा आधी भीती वाटते. राग मागून येतो. आणि शिक्षक-विद्यार्थिनीचं नातं 'हळुवार प्रेम' म्हणून रंगवलेलं हस्तलिखित आम्ही परत पाठवतो. गुण देणारा आणि गुण घेणारी यांच्यात बरोबरी नसते, आणि वाचक बारा ते अठरा वर्षांचे असतात.

पुरवणीत अशा कादंबऱ्यांची परीक्षणं छापताना परीक्षकांना एवढंच विचारायला सांगावं: या दोघांना भेटायला वेळ कुठून मिळाला?

आपले,
कुमार कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासणारे दोन संपादक