अनीशची दुपारची शाळा

रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य
१६ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर अनीश सहज बोलून गेला की त्याची शाळा आता दुपारी पाऊण वाजता भरते आणि तेथे तो मशिन शॉपमध्ये काम शिकतो. त्यानंतर तुमच्याकडून काही क्षण आवाजच आला नाही. आईने "जेवलास का रे" असे विचारले, आणि बाबा, तुम्ही फोन तिच्या हाती देऊन उठून गेलात. खरे तर ही गोष्ट मी स्वतः आणि वेळेवर सांगायला हवी होती. जूनपासून मी ती टाळत आले, कारण तुम्ही काय विचाराल हे मला ठाऊक होते आणि त्याचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. आता निदान अर्धे तरी आहे, आणि ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून हे पत्र.

अनीशने शाळा सोडलेली नाही, हे सर्वांत आधी. येथील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि त्यात आपल्याकडच्यासारखे संपूर्ण वर्ष नापास होणे नसते. विषयागणिक क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे साधारण १०८ तासांचे अध्यापन, आणि या राज्यात हायस्कूलची पदविका मिळवण्यासाठी अशी किमान २२ क्रेडिट लागतात, शिवाय रीजन्ट्स नावाच्या राज्यपातळीवरील परीक्षा असतात. दहावी संपताना मुलाजवळ सुमारे अकरा क्रेडिट असावीत अशी अपेक्षा असते. अनीशजवळ साडेसहा होती.

हे एका दिवसात झाले नाही. त्याची जुनी शाळा सकाळी साडेसातला भरायची आणि बस पावणेसातच्या आधी कोपऱ्यावर यायची. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असायचा, सकाळी उठवला की पोटात दुखते म्हणायचा, आणि मी त्याला आळशी म्हणायचे. पहिल्या दोन तासांना बीजगणित आणि इतिहास असल्यामुळे बुडायचे तेही तेच दोन विषय. पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर कळले की या वयात झोपेचे घड्याळच दोनएक तास पुढे सरकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच हायस्कुले साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती, आणि कॅलिफोर्नियाने तर त्यासाठी कायदा केला. आमच्या भागात मात्र बसच्या फेऱ्यांचे गणित झोपेच्या गणितापेक्षा मोठे ठरले. झोप हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. त्याच्या मनात भीतीही बसली होती, आणि ती मला फार उशिरा दिसली.

मे महिन्यात शाळेच्या समुपदेशक बाईंनी बोलावून दुपारच्या पर्यायी वर्गाचे नाव काढले, तेव्हा मला वाटले की हे लोक सभ्य भाषेत त्याला बाहेर काढत आहेत. बाबा, तुम्हाला रविवारी जे वाटले असेल तेच मला तेव्हा वाटले होते, आणि त्यात आणखी एक शंका होती. या देशात व्यवसायशिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा १९१७ च्या कायद्यापासून मिळत आला आहे, पण त्याच वर्गांत गरिबांच्या, स्थलांतरितांच्या आणि काळ्या लोकांच्या मुलांना ढकलून "तुमच्यासाठी हेच बरे" म्हणण्याचाही येथे मोठा इतिहास आहे. म्हणून मी त्या बाईंना स्पष्टच विचारले की हा मुलगा गोरा असता तर तुम्ही हाच सल्ला दिला असता का. त्यांनी राग मानला नाही. "वर्ग स्वतः बघून या," एवढेच म्हणाल्या.

त्याप्रमाणे आम्ही गेलो. ही व्यवस्था ज्या संस्थेमार्फत चालते तिला येथे बोसीज म्हणतात. १९४८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून लहान लहान शिक्षण-जिल्ह्यांना, म्हणजे आपापल्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना, एकत्र येऊन सेवा वाटून घेण्याची सोय करून दिली. आज राज्यात अशी ३७ मंडळे आहेत. सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकट्या गावाला साखर कारखाना परवडत नाही म्हणून पंचक्रोशी भागभांडवल गोळा करते, तसे एकेका शाळेला लेथ, मिलिंग मशीन, वेल्डिंगचे कक्ष आणि मोटारदुरुस्तीचे शेड परवडत नाही म्हणून दहा-वीस जिल्हे मिळून एक केंद्र चालवतात. मुले आपापल्या शाळेतून बसने अर्धा दिवस तेथे जातात आणि खर्च मूळ जिल्हा भरतो. माझ्या वर्गातली टेक्निकल घेतलेली मुले दप्तर घेऊन शासकीय तांत्रिक विद्यालयाकडे निघत आणि आम्ही खिडकीतून पाहत राहत असू, ते मला तेथे उभी असताना आठवले.

अनीशचा कार्यक्रम याच केंद्रात आहे, पण थोडा वेगळा आहे. त्याच्यासारख्या मागे पडलेल्या मुलांचे संपूर्ण हायस्कूलच दुपारी भरते: पाऊण ते पावणेतीन वर्कशॉप, आणि पुढे पाच वाजेपर्यंत इंग्रजी, इतिहास, विज्ञान, गणित. वर्गात बारा मुले आहेत. एकीला आठ महिन्यांचे बाळ आहे आणि सकाळी ते सांभाळायला कोणी नसते. एक मुलगा गोठ्यात पहाटे चारला धारा काढतो, मग झोपतो, मग शाळेत येतो. एकावर न्यायालयाची देखरेख आहे. आई, हे वाचून तू घाबरशील, पण लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेले बरे. मी दोन तास मागे बसून पाहिले आणि मला जाणवले की येथील शिक्षकांना प्रत्येक मुलाचे नावच नव्हे, तर तो काल का आला नाही हेही ठाऊक आहे. जुन्या शाळेत अनीश एकोणीस दिवस गैरहजर राहिल्यावर आम्हाला पहिले पत्र आले होते.

आता वर्कशॉपविषयी. बाबा, पुढचे विशेष तुमच्यासाठी आहे.

त्याने प्रिसिजन मशिनिंग, म्हणजे यंत्रावर धातू नेमक्या मापात घडवण्याचे काम, घेतले आहे. शिकवणारे गृहस्थ तीस वर्षे टूलरूममध्ये काम करून आले आहेत, आणि पहिले सहा आठवडे त्यांनी कोणालाही लेथचे बटण दाबू दिले नाही. सुरक्षेचे नियम, मोजमाप, मार्किंग, आणि मग बाकावर कानस. बाह्या वर, अंगठ्या काढून, डोळ्यांवर चष्मा. आई, तू निघताना जोतिबाचा म्हणून त्याच्या मनगटाला बांधलेला लाल दोरा त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावला, कारण लेथच्या फिरत्या चकमध्ये, म्हणजे धातूचा तुकडा पकडणाऱ्या भागात, दोरा अडकला तर तो हात घेऊन जातो. अनीशने तो तोडला नाही. सोडवून पाकिटात ठेवला आहे. त्यात देवाचा अवमान झाला असे तू मानू नयेस.

येथे सगळे इंचात चालते. तो इंचाच्या हजाराव्या भागाला "थाऊ" म्हणतो आणि एक थाऊ म्हणजे तुमच्या हिशेबाने ०.०२५४ मिलिमीटर, हे त्याने मला जेवताना ऐकवले. मी त्याला म्हटले की आजोबांच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर होता, म्हणजे त्यांचा हात तुझ्या थाऊपेक्षा बारीक मोजत होता. त्याने हे कागदावर करून पाहिले आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही. ज्या मुलाने भूमितीच्या पेपरात साइन-कोसाइनच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, तो परवा रात्री मला सांगत होता की पाच इंची साइन बारला, म्हणजे कोन साधायच्या पट्टीला, तीस अंश द्यायचे असतील तर एका टोकाखाली बरोबर अडीच इंचाच्या स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, लावाव्या लागतात, कारण तीसची साइन अर्धी असते. हे त्याला आधी शिकवले नव्हते असे नाही. ते कशाच्या खाली ठेवायचे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. मंजुरी मिळालेल्या अभ्यासक्रमात अशा कामातून गणिताचे क्रेडिटही मिळू शकते.

बाबा, येथे मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तक्रार म्हणून घेऊ नये. तुम्ही हयातभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवलात. गावाकडची पोरे वडिलांचा हात धरून यायची, तेव्हा तुम्ही त्या वडिलांना सांगायचा की पोराच्या हातात कला आहे, दोन वर्षे माझ्याकडे द्या. तुमची मुले किर्लोस्करवाडीला अप्रेंटिस म्हणून लागली की तुम्ही घरी पेढे आणत होता. आणि तरीही दादाने किंवा मी कधी कानस हातात धरलेली तुम्हाला चालली नाही. मला तुमच्या वर्कशॉपमध्ये प्रवेश असे तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला, जेव्हा मशिनींना झेंडूच्या माळा घातलेल्या असत आणि सगळी बंद असत. परवा खंडेनवमी झाली तेव्हा अनीशने आपला मायक्रोमीटर पाटावर मांडला आणि विचारले, "आजोबा पण असंच करायचे?" मी हो म्हटले, आणि माझ्या लक्षात आले की तुमचे मशीन चालू असताना मी कधी पाहिलेलेच नाही.

त्यामागचे कारण मला आता कळते असे वाटते. पेढे आणणारी मुले तुम्ही पाहिलीत, तशीच पाच-सहा वर्षे ठेकेदाराकडे राबून, कायम होण्याची आशा सोडून, शिफारसपत्रासाठी आपल्या दारात उभी राहिलेली मुलेही पाहिलीत. ट्रेड वाईट नव्हता, पण त्याला समाजात आणि पगारात जागा नव्हती, आणि आपल्या मुलांना त्या रांगेत उभे करण्याची तुमची तयारी नव्हती. रविवारी तुम्ही उठून गेलात ते बहुधा याच कारणाने. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

येथेही सगळे गोड नाही. पर्यायी शाळा म्हटले की शेजारणीचा चेहरा बदलतो. १९८२ च्या सुमारास याच रॉचेस्टर परिसरात एकट्या कोडॅकमध्ये ६०,००० माणसे कामाला होती, आणि २०१२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा हातात कसब असले म्हणजे जन्माची भाकरी पक्की, असे या गावात कोणी बोलू धजत नाही. मात्र कोडॅक आणि बॉश अँड लॉम्ब यांच्यामुळे भिंगांचे आणि सूक्ष्म मापाच्या कामाचे ज्ञान येथे मुरलेले आहे, लहान लहान कारखाने टिकून आहेत, आणि त्यांना नेमकी मोजणारी माणसे हवी असतात.

पुढचे मार्गही बंद झालेले नाहीत. या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून तो २२ क्रेडिट पूर्ण करू शकेल. न झाल्यास पदविका मिळेपर्यंत, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, शाळेत येण्याचा त्याला हक्क आहे. कामाच्या तयारीचे एक वेगळे प्रमाणपत्र असते, त्यासाठी २१६ तासांचे व्यवसायशिक्षण लागते आणि त्यांतले किमान ५४ तास प्रत्यक्ष कामाशी जोडलेले असावे लागतात. त्यासाठी वसंतात त्याला एखाद्या कारखान्यात पाठवतील. त्यानंतर कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे महाविद्यालय, आणि वाटलेच तर तेथून अभियांत्रिकी. जायचे की नाही हे त्याने ठरवावे, असे मी स्वतःला रोज बजावते आणि रोज थोडी हरते.

सप्टेंबरपासून तो दोनच दिवस गैरहजर राहिला आहे. सहा आठवड्यांवरून निकाल काढता येत नाही, हे मला समजते. काकूंना किंवा दादाच्या सासरी काय सांगायचे ते तुम्ही ठरवा, पण "शाळा सुटली" असे सांगू नका, एवढीच विनंती.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सोडवता येत नाही. अनीशला पोलादाचा एक चौकोनी ठोकळा सहाही बाजूंनी काटकोनात कानसून द्यायचा आहे. त्याची प्रत्येक बाजू मध्ये फुगते आणि कडांना उतरते. काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावला की दोन्ही टोकांना उजेड दिसतो. शिक्षक म्हणतात, कानस झुलते आहे. कानस झुलू नये म्हणून पाय कोठे ठेवायचे, कोपर कोठे असावे आणि जोर कोणत्या हातावरून कोणत्या हातावर कधी न्यायचा, हे त्याने मला विचारले, आणि फिटर इन्स्ट्रक्टरची मुलगी असून मला एक अक्षर सांगता आले नाही.

त्याची शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी तो घरीच असतो. येथील दहा म्हणजे सध्या तुमच्याकडील संध्याकाळचे साडेसात; आईची दिवाबत्ती झालेली असते आणि बातम्यांना अजून वेळ असतो. नोव्हेंबरात येथील घड्याळे मागे गेली की तेच साडेआठ होतील. सोमवारी तो व्हिडिओ लावील. ठोकळा त्याला घरी आणता येत नाही, पण गॅरेजमध्ये एक जुना व्हाइस आहे आणि त्यात धरायला पट्टीचा एक तुकडा मी आणून ठेवला आहे. बाबा, चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
मंजिरी