बाबा, झडपेचं काय करायचं

स्वॉन्झी,
१८ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तू एवढी वर्षं हृदयाच्या झडपांचाच अभ्यास करतेस ना? मग तूच सांग, माझी बदलून घेऊ का नको?" मी "कळवते" म्हटलं आणि हवापाण्यावर गेले. आईच्या ते लगेच लक्षात आलं असणार. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं टीव्हीत जातं, म्हणून सगळं लिहूनच काढते आहे. दादा मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देईल.

आधी उत्तर. बदलून घ्या, आणि लांबवू नका. जिना चढताना दम लागायला लागलाय, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, 'सिव्हिअर' आलंय आणि तपासणारे डॉक्टर बदला म्हणताहेत, मग थांबण्यात काही हशील नाही. आखडलेली एऑर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी, गोळ्यांनी मोकळी होत नाही. हे मी प्रोफेसर म्हणून सांगत नाहीये. कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला विचारलंत तरी तो हेच सांगेल.

पण तुम्हाला तेवढ्याने समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही गल्लीत सांगत असता की आमची अनू कॉम्प्युटरवर हार्ट चालवते. गेल्या गणपतीत जोशीकाकांनी मला बाजूला घेऊन स्वतःचा ईसीजी दाखवला! म्हणून मी नेमकं काय करते आणि त्यातलं तुमच्या उपयोगाचं किती, ते एकदा नीट सांगून टाकते.

बाबा, त्यासाठी तुम्हाला वैद्यकशास्त्र नको, कोयना पुरे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपात तुम्ही होस्टेलमधून चादरीसकट बाहेर पळालात, ती गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य दादा तुमच्या आधी म्हणायचा. धरणाला मात्र त्या गोष्टीत एकच वाक्य मिळायचं: "तडे गेले, पण उभं राहिलं." १०३ मीटर उंच भिंत आणि तिच्यामागे जवळजवळ ९२ मीटर पाणी. जमीन हलली की भिंत हलते आणि पाण्याला ढकलते. पाणी जड, ते भिंतीला उलट रेटतं. त्या रेट्याने भिंतीचं हलणं बदलतं, आणि बदललेलं हलणं पाण्याला पुन्हा वेगळ्या तऱ्हेने ढकलतं. तुमच्या पाटबंधारे खात्याच्या वह्यांत पाण्याचा दाब म्हणजे तळाशी रुंद होत जाणारा एक त्रिकोण असायचा. तो स्थिर पाण्याचा. हलत्या पाण्याला वेस्टरगार्ड नावाच्या अभियंत्याने १९३३मध्ये एक झकास पळवाट काढली. पाण्याचं वेगळं गणित सोडवूच नका, पाण्याचा काही भाग भिंतीला चिकटून तिच्याबरोबरच हलतो असं धरा आणि तेवढं वस्तुमान भिंतीला जोडून द्या. याला म्हणतात ॲडेड मास. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या अनिल चोप्रांनी १९७०च्या दशकात कोयनेचं गणित करून दाखवलं की पाण्याच्या उलट बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, तडे त्याच पातळीला जायला हवे होते. गेलेही तिथेच होते. धरणाच्या पोटातल्या यंत्रावर उमटलेली त्या पहाटेची थरथर आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात. अबॅकस नावाचं आमच्या धंद्यातलं मोठं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणांच्या पुस्तकात कोयना आहे आणि पाणी वेस्टरगार्डच्या पद्धतीने धरलं आहे. सांगलीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकताना 'आपल्या' धरणाचं हे प्रकरण वाचलं आणि मी धरणं बांधण्याच्या वाटेवरून धरणं मोजण्याच्या वाटेवर गेले. स्वॉन्झीचं नाव तेव्हाच कानावर आलं. फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करायच्या पद्धतीचं, पहिलं पाठ्यपुस्तक १९६७मध्ये लिहिणारे झिएन्किएविच इथलेच. १९६९मध्ये पाण्यात बुडालेल्या बांधकामांच्या कंपनांचं गणित मांडणाऱ्यांतही ते होते. वेल्समधल्या या पावसाळी गावात मी का येऊन पडले, असं आई अजून विचारते. तर ते असं.

आई, तुझ्यासाठी धरण नको. गच्चीवर आजीचं लुगडं वाळत घालायचीस ते आठव. वारा लुगडं हलवतो हे कुणालाही दिसतं. लुगडं वाऱ्याची वाट बदलतं, आणि वाट बदललेला वारा लुगड्याला आणखी फडफडवतो, ते दिसत नाही. मला पगार मिळतो तो हे न दिसणारं मोजायचा. आमच्यात नव्या प्रोग्रॅमची एक ठरलेली परीक्षा असते, जर्मनीच्या ट्युरेक आणि ह्रोन यांनी २००६मध्ये घालून दिलेली. वाहत्या प्रवाहात एक गोल खांब आणि त्याच्या मागे फडफडणारी लवचीक पट्टी. पट्टीचं टोक किती आणि किती वेळा हलतं, ते आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. ते जुळले नाहीत तर माझा विद्यार्थी पुढे जात नाही, मग त्याचं चित्र कितीही देखणं असो.

धरणावरून झडपेवर आले ते पीएचडीत, आणि त्याचं कारण भावनिक वगैरे नव्हतं. झडपेचं गणित जास्त अडत होतं, एवढंच. आमची सरळ रीत अशी असते: एक प्रोग्रॅम द्रव सोडवून दाब काढतो आणि दुसऱ्याला देतो, दुसरा त्या दाबाने घन वस्तू किती सरकली ते काढून पहिल्याला परत कळवतो. असं वेळेच्या छोट्या पावला-पावलाने पुढे जायचं. विमानाच्या पंखाला हे बहुधा चालून जातं, कारण हवा पंखापुढे हलकी. धरणाचं काँक्रीटही पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड. पण झडपेची पाकळी जवळपास रक्ताइतकीच जड आणि जाडीला मिलिमीटरभरही नाही. ही रीत तिला लावली की दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांना गरजेपेक्षा जास्त उत्तर देत सुटतात, आणि थोड्याच पावलांत आकडे आभाळाला भिडतात. एरवी असं झालं की वेळेचं पाऊल लहान करायचं, ही आमची पहिली शिकवण. इथे पाऊल लहान केलं तर गणित आणखी लवकर कोसळतं! २००५मध्ये कॉसां, जर्बो आणि नोबिले या तिघांनी कागदावर सिद्ध केलं की यात पावलाचा दोषच नाही. चिकटून हलणाऱ्या द्रवाचं वस्तुमान घनाच्या मानाने मोठं झालं की ही रीत फसणारच. म्हणजे वेस्टरगार्डने ज्या ॲडेड मासच्या जोरावर धरण सोपं केलं, त्यानेच आमची झडप अवघड करून ठेवली. आता आम्ही प्रत्येक पावलाला दोन्ही प्रोग्रॅमना पुन्हा पुन्हा बोलायला लावतो, प्रत्येकाचं उत्तर थोडं थोडंच मान्य करतो आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. "रात्री बारा-बारापर्यंत काय करत बसतेस?" असं तेव्हा विचारायचात ना, ते हेच.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेस्किन यांनी १९७२मध्येच वेगळी शक्कल लढवली होती. गणितासाठी रक्ताचे चौकोन पाडून केलेली जाळी हलवायचीच नाही, पाकळी त्या स्थिर जाळीतून मोकळी फिरू द्यायची आणि तिचा जोर तेवढा द्रवाला कळवायचा. तीही हृदयाच्या झडपांसाठीच. मला आजही ही कल्पना आमच्या सगळ्या सुधारणांपेक्षा सुंदर वाटते, पण हे आमच्या विभागात मोठ्याने म्हणत नाही.

मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. "कायम झालीस का?" या प्रश्नाला "अजून नाही" म्हणत काढली, हे तुम्हीच माझ्यापेक्षा जास्त सोसलंत. प्रोफेसर झाल्यापासून निम्मा वेळ संशोधनासाठी पैसे मागणारे अर्ज लिहिण्यात जातो आणि त्यातले बरेचसे नामंजूर होतात. पेढे वाटलेत, छान केलंत.

आता मुद्द्याचं. बाबा, तुमच्या सीटी स्कॅनवरून मी तुमची झडप कॉम्प्युटरवर उभी करू शकते. आकार मिळेल, कॅल्शियमचे खडे कुठे आहेत तेही दिसेल. पण पाकळी कुठे किती ताठ झाली आहे, हे छाती न उघडता कुणी मोजून देत नाही. ते आकडे मला धरून चालावे लागतील. मग शेकडो प्रोसेसर लावायचे, आणि एका ठोक्याचं लाल-निळं, भोवऱ्यांचं, बघत राहावं असं चित्र निघेल. तेच मला नको आहे. ते चित्र बघून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल आणि डॉक्टरांशी वाद घालाल. झडप बनवणाऱ्याला आमचं काम फार उपयोगी पडतं. पाकळीवर ताण कुठे येतो, रक्त कुठे साचून गुठळी धरेल, दहा आराखड्यांतले कुठले आठ आधीच बाद करावेत, हे त्याला आम्ही सांगू शकतो. एका माणसाने ऑपरेशन करावं की नाही, हे ठरवायला ते बनलेलं नाही.

माझ्या विषयातलं एकच गणित आज तुमच्या कामाचं आहे, आणि ते तुम्हालाही येतं. तुमच्या रिपोर्टात झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४.२ मीटर लिहिलाय. निरोगी झडपेत तो एक-दीड मीटरच्या आसपास असतो आणि ४च्या पुढे गेला की सिव्हिअर धरतात. पाइपातला प्रवाह मोजताना व्हेंचुरीमीटरला लावायचात तो बर्नूलीचा नियम इथे लावा. वेगाचा वर्ग करून चारने गुणा, दाबातला फरक थेट पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतो. तुमचा ७० येईल. म्हणजे दंडावर १३० दिसत असेल तेव्हा तुमच्या हृदयाचा डावा कप्पा आत २००च्या घरात जोर लावतोय. आणि हे दिवसाला लाखभर वेळा. कागद घेऊन स्वतः करून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

झडप कोणती आणि कशी बसवायची, ते डॉक्टर ठरवतील. छाती न उघडता, बहुधा जांघेतल्या धमनीतून, नळीने नवी झडप नेऊन बसवतात, त्याला टावी म्हणतात. फ्रान्समध्ये रूआँला अलँ क्रिबिए यांनी २००२मध्ये ती पहिल्यांदा केली, आता तुमच्या वयाच्या माणसांना बऱ्याचदा तीच सुचवतात. छाती उघडायची नसल्याने घरीही लवकर सोडतात. पण सगळ्यांना ती जमतेच असं नाही, ते सीटीवरून कळेल. तिरुअनंतपुरमच्या चित्रा संस्थेची झडप १९९०मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली, डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने बनलेली. तिच्याबद्दल वाचून तुम्ही "आपलीच बसवा" म्हणाल. काम उत्तम आहे, पण ती यांत्रिक आहे. यांत्रिक झडपेला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त वरचेवर तपासावं लागतं. तुम्ही बीपीची गोळी कुंडीत टाकता हे आईने मला सांगितलं आहे.

आणि आई, यांत्रिक नसेल तर ऊतींची झडप असते, ती बऱ्याचदा गाईच्या हृदयाच्या आवरणापासून बनवतात, काही डुकराच्याही असतात. बाबांना काही वाटणार नाही. तुला वाटेल, म्हणून दवाखान्यात ऐकण्याऐवजी आताच माझ्याकडून ऐक. काय वाटतं ते मला फोन करून बोल, बाबांसमोर नको.

बाबांची ती हलणारी दाढ डॉक्टरांना आधी सांगा. तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दातांचं काम ऑपरेशनच्या आधी उरकून घेतात. बाबा हे लपवणार, तेव्हा आई, तूच सांग. सीटीची तारीख मिळाली की दादाला मला मेसेज करायला सांगा, मी त्यावर तिकीट काढते. इथल्या परीक्षांचं काय करायचं ते मी बघते.

तुमची,
अनू