अर्नी पाइकचा चेहरा

सातारा,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देणे मला जमेना. युद्धाच्या चित्रकथेत बातमीदाराचे काम काय, तो लढत नाही, किल्ला सर करत नाही, मग त्याच्याभोवती कथा उभी राहते तरी कशी, असे तू विचारले आहेस. तू स्वतः तीस वर्षे बातमीदारी केली आहेस, म्हणून या प्रश्नाचे उत्तर तुलाच सर्वांत आधी पटेल अशी माझी खात्री आहे.

पोवई नाक्याजवळच्या दुकानातून आपण भाड्याने आणत असू त्या तळहाताएवढ्या इंग्रजी युद्धपुस्तिका तुला आठवत असतील. एका पानावर दोन किंवा तीन चित्रे, स्वस्त कागद आणि बोटांना लागणारी शाई. त्यांतला इंग्रज सार्जंट पानभर बोले. जर्मन शिपायाच्या तोंडी मात्र ‘आख्टुंग’ आणि जपानी शिपायाच्या तोंडी ‘बान्झाय’ याखेरीज फारसे काही नसे, आणि तेवढे ओरडून तो मरे. त्या वयात आपल्याला त्यात काही खटकले नाही. शत्रूला नाव नसते, घर नसते आणि त्याच्या मरणाला वजन नसते, हे आपण त्या पुस्तिकांतून नकळत शिकलो, आणि ते मनातून काढून टाकायला मला पुढे फार वर्षे लागली.

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी इटलीहून आली, तेव्हा तिने एक जाडजूड इटालियन खंड आणला. रोज संध्याकाळी ती एक कथा वाचून मराठीत सांगे आणि मी चित्रे पाहत बसे. तो खंड ‘अर्नी पाइक’ या चित्रकथामालेचा होता. ही माला १९५७ साली अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस येथे ‘ओरा सेरो’ या मासिकात सुरू झाली. लेखक एक्तोर हेर्मान ओस्टरहेल्ड, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. मासिक काढणारी प्रकाशनसंस्था त्याने आपल्या भावाबरोबर स्वतःच स्थापन केली होती. चित्रकार इटालियन, हुगो प्रॅट. पुढे इतर चित्रकारांनीही ही माला काढली, पण माझ्या मनात ठसला तो प्रॅटचाच पाइक.

पाइक हा अमेरिकन युद्धवार्ताहर आहे आणि त्याचे नाव एका खऱ्या माणसावरून घेतले आहे, हे तू ओळखलेच असशील. अर्नी पाइल हे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे सर्वांत जास्त वाचले गेलेले वार्ताहर. सेनापतींच्या मुलाखती आणि नकाशांवरचे बाण सोडून ते पायदळाच्या शिपायांबरोबर चिखलात राहिले, आणि शिपाई काय खातो, त्याचे मोजे कधी वाळतात, त्याला घरची कोणती गोष्ट आठवते, हे लिहीत राहिले. त्यांचे एक वार्तापत्र मी कितीदा वाचले आहे, पण प्रत्येक वेळी शेवटापाशी थांबावे लागते. डिसेंबर १९४३, इटलीतला डोंगर. हेन्री वॅस्को नावाच्या कॅप्टनचा मृतदेह रात्री चांदण्यात खेचराच्या पाठीवरून खाली आणतात आणि दगडी भिंतीच्या सावलीत इतर मृतदेहांशेजारी ठेवतात. त्याचे शिपाई एकेक करून जवळ येतात. त्यांतला एक उकिडवा बसतो, कॅप्टनचा हात हातात घेतो आणि पाच मिनिटे एक शब्दही न बोलता त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. मग हात खाली ठेवतो, कॅप्टनच्या शर्टाच्या कॉलरची टोके सरळ करतो, जखमेभोवतीचा फाटका गणवेश नीट सारतो आणि उठून चांदण्यात एकटाच निघून जातो. सुधाकर, कॉलर सरळ करणारा तो हात टिपायला बातमीदारच तिथे असावा लागतो. लढणाऱ्याला ते टिपण्याची उसंत नसते, आणि इतिहास लिहिणारा फार उशिरा पोहोचतो.

पाइल नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरूनही असेच चालले होते. हल्ल्यानंतर वाळूत पडलेले दात घासायचे ब्रश, दाढीची पाती, घरची पत्रे आणि कुटुंबाची छायाचित्रे त्यांनी एकामागून एक नोंदवली. तो मजकूर वाचताना मला तुझी १९९३ सालची किल्लारीची नोंदवही आठवली. ढिगाऱ्यात दिसलेल्या वस्तूंची तू पाने भरून यादी केली होतीस आणि कार्यालयात ती जागेअभावी कापली गेली. तू त्याबद्दल पुढे कधी बोलला नाहीस, पण वही टाकूनही दिली नाहीस.

वार्ताहर मरत नाही असे मात्र म्हणू नकोस. १८ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळच्या इए शिमा या लहानशा बेटावर जपानी मशीनगनच्या गोळीने पाइल मारले गेले. युरोपातले युद्ध संपल्यावर छापायचा म्हणून लिहून ठेवलेला एक मजकूर त्यांच्या अंगावर सापडला. विजयाच्या त्या दिवशी मेलेल्यांना विसरू नका, असा त्याचा आशय होता.

बारा वर्षांनी अर्जेंटिनात बसलेल्या लेखकाला हाच माणूस का हवासा वाटला, याचा मी बराच विचार केला. अर्जेंटिना जवळजवळ संपूर्ण युद्ध तटस्थ राहिला. त्याने युद्ध पुकारले ते मार्च १९४५ मध्ये, सगळे संपत आले तेव्हा. त्यामुळे ओस्टरहेल्डला आपल्या सैन्याचा विजय साजरा करण्याचे ओझे नव्हते. प्रॅटची गोष्ट आणखी वेगळी. तो मुसोलिनीच्या इटलीत वाढलेला मुलगा. वडिलांची नेमणूक अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाली म्हणून दहाव्या वर्षी तिकडे गेला, तिथे इटलीचा पराभव पाहिला, आईबरोबर छावणीत बंदिवासात राहिला, आणि वडील कैदेतच वारले. इंग्रजी पुस्तिकांच्या हिशोबात तो ‘आख्टुंग’वाल्यांच्या बाजूचा होता. म्हणून या दोघांच्या कथांत जर्मन शिपायाला भूक लागते, जपानी शिपायाला घर आठवते, आणि अमेरिकन शिपाई घाबरतो, चुकतो, कधी क्रूरही होतो.

या कथा मोजक्या पानांच्या असतात. पुष्कळ वेळा पाइक घटनेत भागही घेत नाही. आरंभी आणि शेवटी तेवढा दिसतो. प्रॅट जाड ब्रशने काळी शाई अशी ओढतो की शिरस्त्राणाखाली डोळ्यांच्या जागी नुसती सावली उरते, आणि तो गणवेश कोणत्या सैन्याचा आहे हे ओळखायला क्षणभर थांबावे लागते. मला हे त्याचे सर्वांत मोठे कसब वाटते. तो क्षणभराचा थांबा म्हणजेच पाइकचे काम आहे. कथेचा नायक सैनिक असता तर आपण त्याच्या बाजूने गोळी झाडली असती. सांगणारा वार्ताहर असल्यामुळे आपल्याला दोन्ही मृतदेहांपाशी उभे राहावे लागते.

त्याच इटलीत आपली माणसेही लढली, हे वाचताना सतत मनात होते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात बावीस-तेवीस वर्षांचे असताना पडले. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आपण तो पाहिला आहे. पण त्यांनी काय केले एवढेच सन्मानपत्रात असते. आदल्या रात्री ते कोणाशी काय बोलले, त्यांची कॉलर कोणी सरळ केली का, हे लिहून ठेवणारा त्यांच्याजवळ कोणी असता तर, असे मला फार वाटले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र एवढे लांबले ती सांगतो. प्रॅटने पाइकला चेहरा दिला तो ओस्टरहेल्डचाच, मोठे कपाळ आणि ओढलेले गाल असलेला. पुतणीने लेखकाचे छायाचित्र दाखवले तेव्हा मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. १९७६ साली अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. ओस्टरहेल्ड आणि त्याच्या चारही मुली, एस्तेला, दियाना, बेआत्रिस आणि मारीना, लष्करविरोधी सशस्त्र चळवळीत सामील झाल्या होत्या. दीड वर्षाच्या आत चारही मुली लष्कराच्या हातून गेल्या, आणि त्यांतल्या फक्त बेआत्रिसचा मृतदेह आईच्या हाती आला. दियाना आणि मारीना गरोदर होत्या. स्वतः ओस्टरहेल्डला एप्रिल १९७७ मध्ये उचलले, आणि तो परत आला नाही. त्याची पत्नी एल्सा एका नातवाला वाढवत आणि हरवलेल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांबरोबर उभी राहत २०१५ पर्यंत जगली.

त्याच्या अखेरच्या दिवसांचे थोडेफार कळते ते त्याच्याबरोबर कैदेत असलेल्या एका माणसाच्या साक्षीतून. १९७७ च्या नाताळात पहारेकऱ्यांनी कैद्यांच्या डोक्यावरची, चेहरा झाकणारी टोपडी काढू दिली, सिगारेट ओढू दिली आणि पाच मिनिटे एकमेकांशी बोलू दिले. तेव्हा ओस्टरहेल्ड म्हणाला की मी सर्वांत वडील आहे, म्हणून मला प्रत्येकाला भेटायचे आहे. आणि त्याने एकेका कैद्याशी हस्तांदोलन केले. त्याची प्रकृती तेव्हा फार खालावली होती. पुतणीने हे वाचून सांगितले त्या संध्याकाळी आम्ही पुढची कथा उघडली नाही.

एक काम तुझ्याकडे मागतो. प्रॅट १९५९-६० च्या सुमारास लंडनला होता आणि तिथल्या प्रकाशकांसाठी तो त्याच तळहाताएवढ्या युद्धपुस्तिका काढत असे. त्यांवर चित्रकाराचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. तुझ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आपल्या जुन्या पुस्तिका अजून असतील तर दिवाळीला येताना ती पेटी घेऊन ये. प्रॅटची शाई आता मला ओळखता येते. आणि किल्लारीची वहीही बरोबर आण; या वेळी ती पहिल्या पानापासून वाचायची आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश