पाण्याची वेळ सांगणाऱ्या मैत्रिणीस

करावेगावच्या माझ्या मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे तोंडावर आभार मानायला गेलं की तू "काय तरीच तुझं, ताई" म्हणतेस आणि पिशवी उचलून चालू लागतेस. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुला वाचायचा कंटाळा आहे, ठाऊक आहे मला. नातीकडून वाचून घे.

तीन वर्षांपूर्वी बार्शीचं घर बंद करून मी लेकाकडे नवी मुंबईत सीवूड्सला आले. हे गेल्यावर मी तिथं एकटी राहावं हे मुलाला पटेना. इथं अकराव्या मजल्यावर सकाळी आठनंतर घरात मी आणि फ्रिजची घरघर. बार्शीला ओट्यावर नुसतं बसलं तरी चार माणसं "जेवलीस का" विचारायची. इथं खिडकीतून ठाण्याची खाडी दिसायची, पण ती माझी कुणी नव्हती. दुष्काळी मुलखातलं माणूस मी. पाणी आडात असतं नाहीतर टाकीत. ते दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेलं.

ती दुपार तुझ्या लक्षात आहे का, मला माहीत नाही. एका रविवारी बारा वाजता टी. एस. चाणक्य या जहाजावरचं शिक्षण देणाऱ्या संस्थेजवळच्या पाणथळीत मी पहिल्यांदा फ्लेमिंगो पाहिले. शेकड्यांनी, एका पायावर उभे, माना पाठीवर टाकून झोपलेले. पुढच्या रविवारी नातवाला घेऊन बरोबर त्याच वेळेला गेले, तर एकही नाही. पाच वर्षांचं पोर, रडायलाच लागलं. तू बाजारातून परतत होतीस. थांबलीस, त्याच्यापुढं उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "अरे, पाणी उतरलंय ना आता. खाडीतला चिखल उघडा पडलाय, सगळे तिकडं जेवायला गेलेत. पाणी भरलं की इथं येऊन झोपतील."

मग माझ्याकडे वळून विचारलंस, "आज तिथी काय?" तिथी मला विचारायची गरज नसते. वद्य सप्तमी होती. तू म्हणालीस, तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या पुढं भरती, मधे साडेअकराच्या सुमारास ओहोटी. आणि आधीचा रविवार पौर्णिमेचा: पंधरा पाऊण सव्वाअकरा. तेही उधाणाचं पाणी, म्हणून चिखल पार बुडालेला आणि पक्षी आत आलेले. खाडीत आत वेळ थोडी मागंपुढं होते, एवढं सांगून तू गेलीस.

माझ्या वडिलांनी ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती. पन्नास वर्षांत त्या पाऊणकीचा काही उपयोग झाला नव्हता. त्या रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिन्याच्या सगळ्या तिथ्यांसमोर मी पेन्सिलीनं पाण्याच्या वेळा लिहिल्या. हे गेल्यापासून त्या पानावर मी फक्त महिने मोजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं. यासाठी, मैत्रिणी, मी तुझी ऋणी आहे.

पुढं किती दाखवलंस! तिवराच्या पानाची मागची बाजू जिभेला लावायला लावलीस. खारट! झाड मीठ असं पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली मुळं दाखवून "ही झाडाची नाकं" म्हणालीस, आणि त्यांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढलीस. तेव्हापासून आपण दोघी एक रिकामी गोणी बरोबर नेतो. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या, एकच नांगी मोठी असलेले खेकडे, शेकाट्या पक्ष्यांचे लाल पाय. राखाडी फ्लेमिंगो पाहून मला वाटलं आजारी आहेत. ती पिल्लं आहेत, या खाडीतलं शेवाळं खाऊन हळूहळू गुलाबी होतात, हे तू सांगितलंस. पंखातला तो रंग पोटातून येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

मी माळकरी. तुझं सगळं आयुष्य मासळीत गेलं. तरी माझ्यासाठी तांदळाची भाकरी तू वेगळ्या फडक्यात बांधून आणतेस, आणि मी ज्वारीची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. हे कधी ठरवलं नाही आपण.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून आपण बोटीनं गेलो तो दिवस आठवतो. लाइफ जॅकेट घालून तू गप्प बसली होतीस. म्हणालीस, "या खाडीत जन्म गेला, पण नुसतं बघायला पहिल्यांदाच आले." २०१५ मध्ये इथलं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं, हे बोटीवरच्या मुलानं सांगितलं. तू त्याच्याआधी बोट करून पक्षी दाखवत होतीस. त्यानं शेवटी तुलाच विचारायला सुरुवात केली, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

आणि गेल्या भाद्रपदातला माझा ताप. तीन आठवडे अंथरुणावर होते. तू रोज सकाळी मोबाइलवर बोलून पाठवायचीस: आज खंड्या तारेवर, आज पाणी पार रस्त्याला लागलं, आज पावसामुळं गेलेच नाही. एकदा तू बोललीच नाहीस. सगळा वेळ नुसती चटचट, बारीक. सून म्हणाली, चुकून लागला असेल. मी ओळखलं. ओहोटीच्या चिखलाचा आवाज होता तो. तू काठावर हात लांब करून उभी होतीस, मला ऐकू यावा म्हणून. तो मी अजून पुसलेला नाही. रात्री झोप लागली नाही की ऐकते.

दिवाळी झाली, पक्षी येऊ लागलेत. नातू रोज विचारतो, आज किती वाजता? आता पाऊणकी तोही म्हणतो, अकरापर्यंत येते त्याला.

परवा एकादशी. सव्वाआठला पाणी भरेल. भाकरी आणू नकोस, मला उपास आहे. पावणेआठला फाटकापाशी उभी असेन.

तुझी,
ताई