शुक्रवारचा अल्बम, रविवारचे परीक्षण

मा. संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत ॲटमॉस्फेरिक आणि प्रोग्रेसिव्ह ब्लॅक मेटल (वेगवान, कर्कश हेवी मेटलच्या वातावरणप्रधान आणि प्रयोगशील शाखा) यांच्या नव्या अल्बमांची परीक्षणे येऊ लागली, याचे आम्हा श्रोत्यांना अप्रूप आहे. गोव्यातल्या मराठी दैनिकाने या संगीताची दखल घ्यावी हे थोडके नव्हे. तक्रार एवढीच की परीक्षणात संगीतापेक्षा धुके, बर्फ आणि काळोखच जास्त असतो. तेवढे तर मुखपृष्ठ बघूनही लिहिता येते. गिटार नेमके काय करते, ड्रम कुठे हात आखडता घेतात आणि बारा मिनिटांची रचना बारा मिनिटे का चालते, हे कुणी सांगत नाही.

मिनिटाला २०० ठोक्यांची लय धरा. ट्रेमोलो पिकिंगमध्ये (तोच स्वर गिटारवर सलग झपाट्याने छेडणे) एका ठोक्याला चार आघात पडतात, म्हणजे सेकंदाला तेरा. नेहमीच्या ब्लास्ट बीटमध्ये (ड्रमचा सलग भडिमार) स्नेअर, म्हणजे कडकडीत आवाजाचा ड्रम, सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. त्याखालचा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) मात्र चार किंवा आठ बार (चार ठोक्यांचा एक) हलत नाही, म्हणजे पाच ते दहा सेकंद. हात धावतो आणि चाल सावकाश सरकते. या शैलीचे मर्म या तफावतीत आहे. ‘वेग आहे, पण काही घडत नाही’ हा शेरा म्हणूनच चुकतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या मुलखात, विलंबित ख्यालाची बढत मुकाट ऐकणाऱ्या वाचकाला हे पटवायला फार शब्द खर्चावे लागणार नाहीत.

अर्थात, काही अल्बमांत खरोखरच काही घडत नाही. ते ओळखण्याची साधी रीत अशी: रिफ (गिटारची छोटी, फिरून येणारी चाल) पुन्हा आला की काय बदलले ते टिपावे. बेसने वेगळा स्वर धरला का, ड्रम अर्ध्या लयीत गेले का, दुसरी गिटार वरच्या सप्तकात शिरली का? तीनदा येऊन काहीच बदलले नसेल तर ते वातावरण नव्हे, भरताड. दुसरा दोष रिव्हर्बचा, म्हणजे वरून चढवलेल्या घुमाऱ्याचा. तो अति झाला की पिकिंगचा आघातच विरघळतो, डावी-उजवीकडच्या गिटारींचा मिळून नुसता ‘स्स्स’ उरतो. तिसरा दोष ट्रिगर केलेल्या ड्रमचा. प्रत्येक ठोक्याला एकच ध्वनिमुद्रित नमुना वाजतो, जोर कमी-जास्त होत नाही, आणि दहा मिनिटांनी कान बधिर होतो. यातला कोणता दोष आहे ते परीक्षणात यावे, जमल्यास मिनिटासकट.

नॉर्वेच्या इहसान या संगीतकाराचा २०२४ चा स्वतःच्याच नावाचा अल्बम यासाठी उत्तम धडा ठरेल. तो एकाच वेळी दोन रूपांत आला: एक मेटल, दुसरे निव्वळ वाद्यवृंदाचे, गायनाविना. आधी वाद्यवृंद ऐकावा, मग मेटल. व्हायोला आणि चेलो मधल्या ज्या पट्टीत बोलतात, तीच पट्टी डिस्टॉर्शनची (आवाज मुद्दाम फाटका केलेली) गिटार व्यापते. त्यामुळे पहिल्या ऐकण्यात ठळक असलेले काय दुसऱ्यात दबले आणि काय तरीही वर आले, हे कानाला कळते. नॉर्वेच्याच एन्स्लेव्हड या बँडच्या ‘हाइमडाल’ (२०२३) मध्ये कर्कश गळा ग्रुटले शेल्सनचा, तर स्वच्छ गायन कीबोर्डवादक आणि ड्रमर यांचे. ‘गायकाने आवाज बदलला’ असे तिथे लिहून चालत नाही. अमेरिकेच्या डेफहेवन या बँडच्या ‘लोनली पीपल विथ पॉवर’ (२०२५) मध्ये कर्कश गळा परततो; त्याचे महत्त्व त्याआधीच्या २०२१ च्या अल्बमातले बहुतांशी स्वच्छ गायन ठाऊक असल्याशिवाय कळणार नाही. फ्रान्सच्या आल्सेस्ट या बँडबद्दल एका वाक्यात आटोपले तरी हरकत नाही. त्यांच्या २०२४ च्या अल्बमात ब्लॅक मेटल जेमतेम उरले आहे.

पॅनॉप्टिकॉन या अमेरिकी प्रकल्पावर मात्र सविस्तर लिहावे. ‘द राइम ऑफ मेमरी’ (२०२३) सव्वा तासाच्या घरात जातो, पण गोमंतकीय वाचकाची ओळख ‘केंटकी’ या अल्बमपासून करून द्यावी. त्याच नावाच्या अमेरिकी राज्यातल्या कोळसा खाणी, कामगारांचे लढे, कापलेले डोंगर, आणि ब्लॅक मेटलच्या रचनांमध्ये बँजोवरची जुनी खाणकामगार गीते. अल्बम २०१२ चा. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले तेही त्याच वर्षी. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या वाचकाला बर्फाळ जंगलापेक्षा हा संदर्भ जवळचा वाटेल.

ब्लॅक मेटलच्या इतिहासातली एक बाब टाळू नये. नॉर्वेतल्या बर्गनजवळचे फानटोफ्टचे लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी जळाले. बुर्झुम या ब्लॅक मेटल प्रकल्पाच्या वर्ग विकर्नेसला १९९४ मध्ये खून आणि इतर चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या अंकाचे वाचक चर्चच्या शेजारी राहतात, काही तिथे जातात. तेव्हा हा इतिहास लपवू नये आणि चवीने रंगवूही नये. कलावंताचे इतर प्रकल्प, लेबल आणि मुलाखती तपासून तो वंशद्वेषी गोतावळ्यातला आहे की नाही, ते एका ओळीत सांगावे. पॅनॉप्टिकॉनचा ऑस्टिन लन फॅसिझमविरोधी आहे, हेही तितकेच सांगण्याजोगे.

ऐकण्याच्या साधनाबद्दल. फोनच्या स्पीकरवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. एकच स्पीकर असेल तर दोन बाजूंच्या गिटारी एकमेकींत मिसळतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे अगदी बारीक, आवाज कापले जातात आणि झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात. ‘ध्वनिमुद्रण निकृष्ट’ असे छापण्याआधी वायरचे हेडफोन लावून, बेस बूस्ट बंद करून, लॉसलेस (काहीही न कापता साठवलेली) फाइल ऐकावी. मुद्दाम खरखरीत ठेवलेले ध्वनिमुद्रण आणि खराब फाइल यांतला फरक तेव्हाच कळतो.

शेवटची विनंती वेळापत्रकाची. २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी येतात आणि रविवारची पुरवणी त्याआधीच छपाईला लागते. परीक्षकाला आगाऊ प्रत मिळाली नसेल, तर त्याने आधी प्रसिद्ध झालेली दोन-तीन गाणीच ऐकलेली असणार. परीक्षण दोन आठवडे उशिरा छापा. तेवढ्याने कुणाचे अडत नाही. सोबत अल्बमची एकूण लांबी, गीतांची भाषा आणि कोणत्या साधनावर ऐकला ते चौकटीत द्या. फिनलंडच्या ओरान्सी पाझुझू या बँडचा ‘मुउनताउतुया’ (२०२४) अजून आपल्या पुरवणीत आलेला नाही. तिथे गिटारीपेक्षा सिंथेसायझर आणि डिस्टॉर्शनचा बेस पुढे आहेत, गायन फिनिश भाषेत. त्याच्यापासून सुरुवात करता येईल.

आपले,
काही श्रोते, फोंडा