चांदी पडली गं, मंदा

मुलुंड
बुधवार, रात्री

प्रिय मंदा,

दिवाळीत तुझं पत्र आलं आणि आता संक्रांतही झाली. उत्तर लिहिलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. इकडे सगळे बरे. दिलीपची साखर ताब्यात आहे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. माझी दाढेतली चांदी पडली. नायर हॉस्पिटलमध्ये भरलेली, तीच.

शनिवारी शेजारी हळदीकुंकू होतं. तिळाच्या वडीचा पाक जरा पुढे गेला होता. डाव्या दाढेखाली कट् झालं, मला वाटलं खडाच आला. तळहातावर घेऊन पाहिलं तर मसुराएवढा काळपट तुकडा, एका बाजूनं अजून चकचकीत. जीभ तिथे गेली तर हा एवढा खड्डा, आणि त्याची कड इतकी धारदार की रात्रीपर्यंत जिभेला चरा पडला. घरी येऊन माठातलं पाणी प्याले आणि कळ थेट कानशिलात गेली. मला एकदम आपली दादरची खोली आठवली. तो 1997चा जून, आणि तू.

रात्री आडवी झाले की ठणका दुप्पट. झोपलं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दाढ जास्त ठणकते. शेवटी दोन उशा पाठीशी लावून भिंतीला टेकून बसले. रविवारी आसपासचे सगळे दवाखाने बंद. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, खाल्लेलं खड्ड्यात अडकू दिलं नाही, पॅरासिटामॉल घेतली. केमिस्टकडून लवंगेचं तेल आणलं आणि कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब घेऊन दाढेत धरलं. एकच, कारण जास्त झालं की हिरडी पोळते, हे तूच मला शिकवलंयस.

सासूबाई मायेनं म्हणाल्या, "डोकेदुखीची गोळी दाढेत दाबून धर, लगेच थांबेल." मंदा, मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की त्या दचकल्या. तेव्हा मी तेच केलं होतं ना! अ‍ॅस्पिरिन गालाशी धरून झोपले आणि सकाळी हिरडीवर पांढरा चट्टा. तू तोंडात टॉर्च मारून पाहिलंस आणि जे सुरू झालीस! "महिनाभर दुखतंय आणि तू चिंचा खातेस!" मी म्हणाले, "दाढ माझी आहे." मग चार दिवस अबोला, एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर दोन वेगळे चहा. आज सांगते, चूक माझी होती. चहाही तुझाच चांगला व्हायचा.

पाचव्या दिवशी पहाटे न बोलताच तू माझी चप्पल दाराशी काढून ठेवलीस आणि लोकलनं मला मुंबई सेंट्रलला नायरमध्ये नेलंस. रांगेत माझी पर्स तू धरलीस. तो शिकाऊ मुलगा, त्याच्या मागे उभ्या त्याच्या मॅडम, आणि मशीनचा आवाज सुरू झाला की माझ्या पायाचा अंगठा धरून तू मेसच्या भाजीवर बोलत सुटायचीस. त्या मॅडमसुद्धा हसल्या होत्या.

सोमवारी इथल्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे, पण घाई नाही. तिनं समजावलं की दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते, पण त्याखालच्या थरात केसाहून बारीक नळ्या असतात, त्या आतल्या नसेच्या दिशेनं जातात. भरलेलं निघालं की त्या उघड्या पडतात, म्हणून गार पाण्याची कळ. पडलेला तुकडा मी नेला होता. चांदी म्हणतो खरी, पण त्यात जवळपास अर्धा पारा असतो. एखादा कण पोटात गेला असेल या विचारानं मी रात्र काढली होती. ती म्हणाली, घट्ट झालेल्या चांदीचा कण गिळला तर तसाच बाहेर पडतो, घाबरू नका.

पण एक्स-रेत चांदीच्या खाली कीड दिसली, नसेच्या अगदी जवळ. तूर्त पांढरं सिमेंट भरलंय. ते कालवलं आणि खोलीभर लवंगेचा वास सुटला! झिंक ऑक्साइडमध्ये लवंगेचंच युजेनॉल मिसळतात म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं दुखतंय.

आता बघायचंय ते इतकंच. गार लागून क्षणात थांबलं तर नस वाचली. उगाचच ठणकायला लागलं, गरम लागून कळ रेंगाळली, तर रूट कॅनॉल. सूज किंवा ताप आला तर ताबडतोब ये म्हणालीय. काल रात्री ठणकलं गं. पाच मिनिटं असेल, पण ठणकलं. आईचे पन्नाशीत एकेक करून सगळे दात काढले, तू पाहिलंयस तिला भाकरी दुधात कुस्करून खाताना. हा दात मला जाऊ द्यायचा नाही. खर्चाचं होईल काहीतरी. भीती त्या खुर्चीची आहे. दिलीप येतो म्हणतो, पण त्याला रक्त बघवत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? निखिलची परीक्षा झाली का? साताऱ्यात थंडी असेल, गरम पाण्याची पिशवी घे. बाबांना नमस्कार सांग.

मंगळवारी साडेअकराची वेळ मिळालीय. अकरा वाजता फोन कर. मला बोलता आलं नाही तरी तू बोल, मेसच्या भाजीवरच बोल.

तुझी,
शुभा